वासोट्याचे अरण्य आणि ताई तेलीण

आपल्या तेली ज्ञातीतील बहुतेक घरांत दोन नावे आदराने घेतली जातात. पहिले नाव संत संताजी जगनाडे महाराजांचे. चाकणच्या या सत्पुरुषाने तुकोबांचे अभंग लिहून ठेवले, म्हणून ते आज महाराष्ट्राच्या ओठी आहेत, ही आपणां सर्वांची श्रद्धा होय. दुसरे नाव ताई तेलिणीचे. महाराजांच्या नावाभोवती पुण्यतिथी आहे, सुदुंबऱ्याची समाधी आहे, पालखी आहे, ग्रंथ आहेत. ताईच्या नावाभोवती मात्र गोष्टीच फार. समारंभात वक्ते तिचे नाव घेतात, टाळ्या पडतात आणि सभा पुढील विषयाकडे वळते. ती कोणत्या गडावर लढली, तो गड कोठे आहे, त्याच्या पायथ्याशी आज काय आहे, हे विचारले असता तरुण मंडळी निरुत्तर होतात. यात तरुणांचा दोष नाही. वडीलधाऱ्यांनी सांगितले नाही तर त्यांना कळणार कसे?

तो गड म्हणजे सातारा जिल्ह्यातील वासोटा. आज तो कोयना वन्यजीव अभयारण्याच्या ऐन गाभ्यात उभा आहे. गतवर्षी माघ महिन्यात ज्ञातिमंडळाच्या आम्ही अकरा जणांनी तेथे जाऊन यावे असे ठरविले व तसे जाऊन आलो. प्रवासाची हकीकत सांगणे हा या लेखाचा मुख्य हेतू नव्हे. त्या रानात जे पाहिले व त्या रानाविषयी जे वाचले, त्यांचा मेळ घालून सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावे, एवढाच हेतू आहे.

गडाची वाट

साताऱ्याहून पश्चिमेस कासच्या पठारावरून रस्ता बामणोलीस उतरतो. कासचे पठार पावसाळा सरता सरता रानफुलांनी भरते, हे आता सर्वांस ठाऊक आहे. माघात तेथे पिवळे गवत आणि काळा कातळ एवढेच दिसले. बामणोली हे कोयनेच्या जलाशयाच्या काठचे गाव. महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना नदी प्रथम दक्षिणेस वाहते आणि पुढे पूर्वेस वळून कऱ्हाडास कृष्णेला मिळते. तिच्या दक्षिणवाहिनी खोऱ्यात धरणाने जो लांबच लांब जलाशय झाला, त्यास शिवसागर म्हणतात.

बामणोलीस वनखात्याचा परवाना काढावा लागतो. नावे लिहून द्यावी लागतात, शुल्क भरावे लागते, सूर्यास्तापूर्वी परत येण्याची हमी द्यावी लागते. गडावर वस्ती करण्यास मनाई आहे आणि पावसाळ्यात गड बंद असतो. तपकीर, विडी व काड्यापेटी खाली ठेवण्यास सांगितले तेव्हा आमच्यातील दोघांची थोडी कुरकुर झाली. परंतु वाळल्या पाचोळ्याच्या रानात एक काडी काय करील याचा विचार केल्यावर ती थांबली.

बोटीने सुमारे दीड तास गेल्यावर मेट इंदवली येते. येथे वाचकांनी एका शब्दाकडे लक्ष द्यावे. ‘मेट’ हा गडकोटांच्या परिभाषेतील शब्द आहे. गडाच्या चढणीवर किंवा पायथ्याशी पहारेकऱ्यांची जी चौकी असे, तिला मेट म्हणत. गड ओसाड झाला, पहारेकरी गेले, त्यामागून गावही उठले. परंतु नावात चौकी अद्याप उभी आहे. आम्ही अनेक वर्षे मुलांना इतिहास शिकविला. सनावळी पाठ करून घेण्याऐवजी गावांच्या नावांचे अर्थ विचारावयास लावले, तर मुले अधिक शिकतील, असे आम्हांस त्या ठिकाणी प्रकर्षाने वाटले.

काठापासून थोडे आत गेले की ओढा लागतो. जवळच मारुतीची जुनी मूर्ती आहे. तेथून चढ सुरू होतो आणि सूर्य नाहीसा होतो. अंजनी, जांभूळ, पिसा ही या रानाची मुख्य झाडे. त्यांची पाने बारमाही हिरवी आणि शेंडे एकमेकांत गुंतलेले, त्यामुळे भर दुपारीही खाली सांजवेळेसारखा उजेड असतो. मध्ये मध्ये हिरडा, आंबा आणि कारवीची दाट बने. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते व फुलून मरते. वर शेकरू, म्हणजे आपल्या राज्याचा राज्यप्राणी, या झाडावरून त्या झाडावर उडी घेताना दोनदा दिसले. गव्यांच्या खुरांचे ठसे ओढ्याकाठच्या चिखलात ताजे होते. वाटाड्याने एका झाडाच्या सालीवर अस्वलाच्या नखांचे ओरखडे दाखविले आणि बोलणे बंद करून चालावयास सांगितले. ती सूचना सर्वांनी, विशेषतः मघाशी कुरकुरणाऱ्या दोघांनी, तत्काळ मानली.

दोन-अडीच तासांच्या चढणीनंतर कातळात खोदलेल्या पायऱ्या, मोडके दरवाजे आणि माथ्यावर बिनछपराचे मारुतीचे देऊळ लागते. पुढे वाड्याचे चौथरे, पाण्याचे टाके व महादेवाचे मंदिर आहे. पश्चिमेकडे बाबूकडा म्हणून जो अर्धवर्तुळाकार कडा तुटला आहे, त्याच्या काठी उभे राहिल्यावर खाली कोकण दिसते आणि समोर जुन्या वासोट्याचा डोंगर दिसतो. गडाचा माथा लहान आहे. तटही फार मोठा नाही. तेव्हा मनात प्रश्न येतो, की एवढ्याशा गडाचा दरारा कशाने होता? त्याचे उत्तर आपण नुकतेच अडीच तास तुडवीत आलेले असतो. या गडाची खरी तटबंदी त्याभोवतीचे अरण्य ही होती.

जावळीचे रान

परंपरा असे सांगते, की पन्हाळ्याच्या शिलाहार भोजराजाने बाराव्या शतकात हा गड बांधला. पुढे तो जावळीच्या मोऱ्यांकडे होता. मोऱ्यांच्या घराण्यास चंद्रराव हा किताब होता. त्यांचे बळ सैन्यात होते त्याहून अधिक या निबिड रानात होते. इ. स. १६५६ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि जवळजवळ चार वर्षांनी, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा अंत झाला. विजापूरची मोठी फौज या खोऱ्यात शिरली आणि रानानेच तिची वाट बंद केली. ज्या झाडीने मोऱ्यांना राखले, तीच झाडी स्वराज्याच्या कामी आली.

वासोटा स्वराज्यात आला तो १६६० साली. त्या वेळी महाराज स्वतः सिद्दी जौहरच्या वेढ्यात पन्हाळगडावर अडकले होते. तरी इकडे मावळ्यांनी हा गड जिंकला. महाराजांनी त्यास ‘व्याघ्रगड’ हे नाव दिले असे सांगतात. रानाचे मोल त्या राज्यकर्त्यांस पुरते ठाऊक होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडताना आंब्याफणसासारखी झाडे धन्याच्या राजीखुशीवाचून तोडू नयेत, अशा आशयाची ताकीद आहे. अरण्यरक्षण हा शब्द अलीकडचा असला, तरी विचार आपल्या मातीत जुना आहे.

दुर्गम गडाचा दुसरा उपयोग कैदखाना म्हणून होतो. जेथे शत्रूस येणे कठीण, तेथून बंदिवानास जाणेही कठीण. पेशवाईच्या काळात वासोट्याचा उपयोग बहुधा असाच झाला. गडावर शिबंदी थोडी असे, धान्याचे कोठार असे आणि भोवती वाघ असत.

ताई तेलीण

आता मुख्य विषयाकडे वळू. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत साताऱ्याचे छत्रपती नावापुरते राजे होते आणि त्यांच्या दरबारचे मोठे मानकरी पंतप्रतिनिधी यांचे पेशव्याशी पटत नव्हते. प्रतिनिधी परशुराम श्रीनिवास हे तरुण व हट्टी गृहस्थ होते. घरात कलह, बाहेर पेशव्याची अवकृपा, अशा स्थितीत त्यांना मसूर येथे कैदेत ठेवण्यात आले. त्यांचे बहुतेक आश्रित गप्प राहिले. गप्प राहिली नाही ती एक बाई.

ताई जातीने तेलीण. जुन्या ग्रंथकारांनी तिला प्रतिनिधींची उपपत्नी म्हटले आहे. आपल्यापैकी काही व्याख्यात्यांना हा शब्द अडचणीचा वाटतो व ते तो गाळतात. काहीजण तिला राणी म्हणतात. आमच्या मते दोन्ही अनावश्यक होत. तिच्या काळच्या उच्चपदस्थांनी तिला कोणते स्थान दिले, यावरून तिची किंमत ठरत नाही. वेळ आली तेव्हा तिने काय केले, यावरून ती ठरते. आणि तिने जे केले, ते सांगण्यास कोणत्याही अलंकाराची गरज नाही.

तिने माणसे जमविली, मसुरावर चालून गेली आणि प्रतिनिधींची सुटका केली. सुटलेल्या प्रतिनिधींनी आपण सातारच्या महाराजांचे सेवक, पेशव्याचे नव्हे, असे जाहीर करून बंड पुकारले. पेशव्याने त्यांच्यावर बापू गोखले यांस पाठविले. बापू गोखले हा त्या काळचा नाणावलेला सेनापती. वसंतगडाजवळ लढाई झाली. प्रतिनिधी जखमी होऊन हाती लागले व त्यांना पुण्यास नेण्यात आले. इ. स. १८०६-०७ च्या सुमाराची ही गोष्ट.

ज्याच्यासाठी बंड, तोच कैद झाला. अशा वेळी बंड मोडते हा सर्वसाधारण अनुभव. ताईने मात्र वासोट्याचा आश्रय घेतला आणि गड लढविला. प्रतिनिधी कैद झाल्यानंतर सुमारे आठ महिने तिने गोखल्यांच्या फौजेस दाद दिली नाही. शेवटी गडावरील धान्याच्या कोठारास आग लागली, साठा जळून गेला आणि उपाय खुंटल्यामुळे गड स्वाधीन करणे तिला भाग पडले.

वाचकहो, या आठ महिन्यांचा थोडा हिशेब करून पाहा. आठ महिने म्हणजे एक ऋतू नव्हे. वेढा कोणत्याही महिन्यात आरंभला असता, तरी त्यात थंडी आली, नाहीतर वैशाखाचा वणवा आला, नाहीतर धो धो पाऊस आला. सह्याद्रीच्या या धारेवर पावसाळ्यात दहा पावलांवरचे माणूस धुक्यात दिसत नाही आणि रानात पाऊल टाकावे तेथे जळवा चढतात. कोठारातील दाणे शिबंदीस मोजून द्यावयाचे, टाक्यातील पाणी राखावयाचे, फितुरी होऊ द्यावयाची नाही, आणि धनी सुटून येईल ही आशा मावळली असता माणसांचे मन टिकवावयाचे, हे काम तिने केले. तलवारीच्या शौर्याचे पोवाडे होतात. कोठार सांभाळून माणसे टिकविण्याचे शौर्य त्याहून मुळीच कमी नाही. आणि ज्या बायकांनी दुष्काळात घर चालविले, त्यांना ते अधिक कळेल. गड पडला तो शत्रूच्या चढाईने पडला नाही. दाणे जळाले म्हणून पडला.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ताईचा हा वृत्तान्त ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याच्या मराठ्यांच्या इतिहासात आला. हा गृहस्थ १८१८ नंतर साताऱ्यास कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता आणि त्याचा ग्रंथ १८२६ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे ताईच्या लढ्यास तेव्हा वीस वर्षेही झालेली नव्हती आणि तो पाहिलेली माणसे साताऱ्यात हयात होती. परकीयाने चार ओळी लिहिल्या, म्हणून ताईचे नाव ग्रंथात राहिले. आपल्यापैकी कोणी चाळीस ओळी लिहिल्या असत्या, तर गडावरील शिबंदीत कोण होते, कोठार कसे जळाले, ताईचे माहेर कोठले, हे सारे आज आपल्या हाती असते. या विचाराने गडाच्या माथ्यावर आम्ही बराच वेळ स्तब्ध होतो.

इ. स. १८१८

ज्या बापू गोखल्यांनी ताईकडून गड घेतला, तेच २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीच्या रणांगणावर इंग्रजांशी लढताना धारातीर्थी पडले. त्याच लढाईत सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले. महाराजांच्या कुटुंबातील काही मंडळी तेव्हा वासोट्यावर होती आणि हंटर व मॉरिसन हे दोन तरुण इंग्रज अधिकारीही तेथे कैदेत होते. साहजिकच इंग्रजांचे लक्ष या गडाकडे वळले. जनरल प्रिट्झलरची फौज आली. रानातून वाटा तोडून, समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवून तिने गडावर मारा केला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गड पडला. त्यानंतर काही दिवसांतच प्रतापसिंह महाराजांस सातारच्या गादीवर बसविण्यात आले.

ताईने आठ महिने राखलेला गड तोफांनी थोड्या दिवसांत घेतला. उंचावरून पडणाऱ्या तोफगोळ्यांपुढे रानाची तटबंदी निरुपयोगी ठरली. तेव्हापासून लष्करी दृष्टीने वासोट्यास महत्त्व उरले नाही. वाड्याची छपरे पडली, दरवाज्यांची लाकडे कुजली आणि चौथऱ्यांत झाडे रुजली. खोऱ्यातील गावे मात्र नांदत राहिली.

पाण्याखाली गेलेली गावे

त्या गावांविषयी लिहिल्याखेरीज हा इतिहास पुरा होणार नाही. कोयनेच्या खोऱ्यात नदीकाठी भाताची खाचरे होती आणि डोंगरउतारावर नाचणी, वरी व कारळे पिकत. कारळ्यास कोठे खुरासणी असेही म्हणतात. पिवळ्या फुलांचे हे पीक हलक्या, डोंगराळ जमिनीतही येते. त्याचे बी तेलाचे. आणि जेथे तेलाचे बी, तेथे आपला घाणा. बैलाच्या डोळ्यांस झापड बांधून दिवसभर फिरविलेल्या घाण्यातून जे तेल निघे, त्यावर फोडणी होई, देवापुढील समई जळे आणि बाळंतिणीचे अंग माखले जाई. पेंड गुरांस जाई. धान्याच्या बदल्यात तेल अशी देवघेव चाले. डोंगरच्या शेतकऱ्याचा आणि आपल्या ज्ञातीचा संबंध असा रोजचा होता.

पुढे स्वतंत्र भारतात कोयनेवर धरण झाले. १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत पाणी अडले. हेळवाकजवळचा हा बांध १०३ मीटर उंचीचा. त्याचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस नेऊन वीज निर्माण करतात. सर्व टप्पे मिळून तिची क्षमता १,९०० मेगावॉटहून अधिक आहे. महाराष्ट्राच्या कारखान्यांना आणि घरांना या विजेने उजेड दिला, ही गोष्ट कृतज्ञतेने मान्य केली पाहिजे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेस भूकंप झाला आणि शेकडो घरे जमीनदोस्त होऊन माणसे दगावली. त्या आघातातूनही धरण सावरले. परंतु या उजेडासाठी शंभराच्या आसपास गावांनी आपली घरे व जमिनी सोडल्या, हेही तितक्याच कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत ती कुटुंबे विखुरली. त्यांतील कित्येकांच्या पुनर्वसनाचे प्रश्न दोन पिढ्या उलटल्या तरी सुटले नाहीत आणि एकविसाव्या शतकातही त्यांना त्यासाठी धरणे धरून बसावे लागले.

आमच्या अकरा जणांत एक वृद्ध भगिनी होत्या. सर्वजण त्यांना आक्का म्हणतो. त्यांचे माहेर या पाण्याखाली आहे. गाव उठले तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. गड चढणे त्यांना शक्य नव्हते; केवळ पाणी पाहण्यासाठी त्या आल्या होत्या. बोट मध्यावर आली तेव्हा त्यांनी नावाड्यास विचारले, “आरं बाबा, उन्हाळ्यात पानी वसारल्यावर हितं काय दिसतंय का?” तो म्हणाला, “दिसतात की आक्का, घरांचे चवथरे दिसतात.” आक्का थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “आमच्या घान्याचं दगडी उखळ तितंच ऱ्हायलंय. बैलं इकली, लाकूड गाडीत घातलं. उखळ काय उचललं न्हाई. बा म्हनला, नव्या गावात नवं घडवू. पर तितं घाना पुन्हा बसलाच न्हाई.”

त्यांनी नंतर शेतांची नावे सांगितली, पाणवठ्याचे नाव सांगितले, कोणाच्या घरी कारळे किती होत हेही सांगितले. आम्ही बोटीत बसल्या बसल्या वहीची तीन पाने भरली. परत आल्यावर आक्कांच्या नातवाने ती पाने पाहिली आणि म्हणाला, “गुरुजी, हे मला कोणी सांगितलेच नव्हते.” तो मुलगा अभियांत्रिकी शिकला आहे, हुशार आहे, आजीवर त्याचे प्रेम आहे. तरीही त्याला माहीत नव्हते. ग्रँट डफचे पुस्तक वाचताना आम्हांस जी हळहळ वाटली, तीच वेळ आपण आपल्या नातवंडांवर आणीत आहोत.

अभयारण्य

माणसे उठल्यावर खोऱ्यात रान वाढले. १९८५ साली शासनाने कोयना अभयारण्य जाहीर केले; त्याचे क्षेत्र सुमारे ४२३ चौरस किलोमीटर आहे. दक्षिणेकडील चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान व कोयना मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील निवडक स्थळे जागतिक वारसा म्हणून मान्य केली, त्यांत कोयना आहे, चांदोली आहे, कास आहे आणि राधानगरीही आहे.

या रानात गवा, सांबर, भेकर, रानडुक्कर, अस्वल, बिबट्या ही जनावरे आहेत. सशाएवढे इवले पिसोरी हरिणही आहे. ज्याच्यावरून गडाचे नाव पडले तो वाघ मात्र येथे फार दुर्मीळ झाला होता. २०२३ च्या डिसेंबरात प्रकल्पक्षेत्रातील स्वयंचलित कॅमेऱ्याने त्याचे छायाचित्र टिपले आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याहून एक वाघीण आणून चांदोलीत सोडण्यात आली. व्याघ्रगडाच्या मुलखात व्याघ्रकुळ पुन्हा नांदावे, ही खटपट स्तुत्य होय.

काही मंडळी म्हणतात, माणसे उठवून जनावरे कशाला वसवावयाची? हा प्रश्न टाकाऊ नाही. ज्यांनी घरे सोडली, त्यांच्या तोंडी तो शोभतो. त्याचे आमच्या परीने उत्तर असे, की कोयनेचे पाणी या रानामुळे टिकते. झाडांची मुळे माती धरून ठेवतात, पाचोळा पाऊस मुरवितो आणि उन्हाळ्यात ओढे वाहते राहतात. रान गेले, तर डोंगराची माती जलाशयात येईल आणि धरण गाळाने भरेल. मग शंभर गावांनी जे सोसले, तेही वाया जाईल. म्हणून रान राखणे हा विस्थापितांच्या त्यागाचाच मान आहे. त्याच न्यायाने, विस्थापितांस दिलेली वचने पाळणे हा रान राखणाऱ्या शासनाचा धर्म आहे. या दोहोंपैकी एकच गोष्ट बोलणारा माणूस आम्हांस अर्धे बोलतो असे वाटते.

हौशी प्रवासी रानाकडे पाहून म्हणतात, येथे माणसाचे पाऊल कधी पडले नसेल. मेट इंदवलीच्या काठी उभे राहून असे म्हणणे हे अज्ञान होय. येथे मोऱ्यांची पावले पडली, मावळ्यांची पडली, ताईच्या शिबंदीची पडली. आणि त्यांहून कितीतरी अधिक पावले कारळ्याची रास डोक्यावर घेऊन घाण्याकडे जाणाऱ्या शेतकऱ्यांची पडली. रानाने ती झाकली आहेत, पुसलेली नाहीत.

आपले कर्तव्य

येथवर आल्यावर ज्ञातिमंडळापुढे दोन सूचना ठेवण्याची परवानगी असावी.

पहिली सूचना सहलीची. प्रतिवर्षी पावसाळा सरल्यानंतर मंडळाने तरुण मुलामुलींस वासोट्यावर न्यावे. वनखात्याचे नियम काटेकोर पाळावेत. कागदाचा कपटा किंवा पाण्याची बाटली रानात टाकू नये. भोंगे, फटाके, गुलाल यांस तेथे मुळीच स्थान नाही. ताईच्या नावाचा फलक लावावा अशी कल्पना आमच्यातील काहींनी मांडली. आमचे मत त्याविरुद्ध पडले. अभयारण्याच्या गाभ्यात सिमेंट नेऊन स्मारक बांधण्याने ताईचा गौरव होणार नाही. मारुतीच्या बिनछपराच्या देवळापाशी पाच मिनिटे बसून कोणी जाणत्याने तिची हकीकत शांतपणे सांगावी, एवढे पुरे आहे.

दुसरी सूचना अधिक निकडीची. कोयनेच्या खोऱ्यातून उठलेली जी ज्ञातिकुटुंबे असतील, त्यांनी घरातील सर्वांत वृद्ध माणसापाशी बसावे व लिहून घ्यावे. गावाचे नाव, वाडीचे नाव, घाणा कोणत्या जागी होता, तो दगडी की लाकडी, कोणती तेले निघत, तेलाच्या बदल्यात काय मिळे, ग्रामदेवता कोणती, जत्रा केव्हा, गाव कोणत्या साली उठले, नवी जमीन कोठे मिळाली, मिळाली नसल्यास का मिळाली नाही, एवढे प्रश्न पुरेत. भाषा शुद्ध करण्याच्या भानगडीत पडू नये. वृद्धांच्या तोंडून येईल तसे उतरून घ्यावे. इतर धरणांखाली गेलेल्या गावांतील कुटुंबांनीही हेच करावे. मंडळाने ही टिपणे पुढील वर्षीच्या स्मरणिकेत क्रमशः छापावीत व मूळ वह्या कार्यालयात जपून ठेवाव्यात. या कामास देणगी लागत नाही, सभागृह लागत नाही. एक वही, एक लेखणी आणि दोन दुपारा लागतात.

जे पाणी आज भरले आहे, ते ओसरेल आणि चौथरे दिसतील. परंतु कोणता चौथरा कोणाचा हे सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. आक्कांची वय वर्षे सत्त्याहत्तर आहेत. आमच्या माहितीत त्यांच्या गावची, त्यांच्याहून वडील अशी, दोनच माणसे उरली आहेत.

संताजी महाराजांचा आपण जयजयकार करतो तो त्यांनी लिहून ठेवले म्हणून. घाणा चालविता चालविता त्यांनी लेखणी हाती धरली. त्यांच्या नावाने चालणाऱ्या ज्ञातीने आपल्याच आजीची हकीकत लिहून ठेवू नये, हे शोभणारे नाही. येत्या दिवाळीत घरोघर ही वही उघडली जाईल, अशी आशा बाळगून हा लेख पुरा करतो.